जावळ मामाच्या मांडीवर

नांदेडहून उदगीरच्या यष्टीत बसले की मी आधी खिडकीची जागा धरते. लेक भांडती, मला बसू दे म्हणती, मी म्हणते तुला उदगीर जवळ आल्यावर देते, तवर मला बघू दे. बघायचं काय असतंय तर बोर्ड. मुखेड मागं पडलं, जिल्ह्याची शीव ओलांडली की एकेका गावाची शाळा लागती, ग्रामपंचायत लागती, सोसायटीचं गोदाम लागतं, आन् त्यांच्या कपाळावर लिहिलेलं असतं, मुक्काम अमुक, तालुका अमुक, जिल्हा लातूर. त्यातलं कोणतं माझ्या भावाच्या हातचं ते मला चालत्या गाडीतून कळतं. त्याचा ल वेगळा व्हता. ल ची गाठ तो अशी गोल काढायचा जसा भाकरीच्या पिठाचा उंडा, आन् दांडा एकदम सरळ, खाली कुठं थरथर न्हाई. आता रंग उडत चाललाय. एका शाळेची तर भिंतच पाडली, नवीन खोल्या बांधल्या. त्या दिवशी मी खिडकीची जागा लेकीला आधीच देऊन टाकली.

आमच्या उदगीरकडं बोलण्यात कानडी मिसळलेली हाय. आईला आमी अव्वा म्हणतो, बापाला अप्पा, थोरल्या बहिणीला आक्का, धाकट्या भावाला तम्मा. हा माझा तम्मा, माझ्या पाठीवरचाच. अप्पांचं किराणा दुकान. त्यांना वाटायचं पोरानं गल्ल्यावर बसावं, कपाळाला भस्म लावून दुकानाची फळी उघडावी. पण त्याचं मन दुकानात न्हव्हतं. शाळा सुटल्यावर तो एका पेंटरच्या हाताखाली गेला, दोरीला खडू लावून पत्र्यावर रेघ मारायची शिकला, आन् मंग अप्पांच्या गिऱ्हाइकांसमोरच हातापायाला रंग लावून यायला लागला. अप्पा म्हणायचे, आला आमचा रंगारी, आता धुळवडीला दुसरा खर्च नको.

तेवढ्यात लातूर उस्मानाबादपासून निघालं, येगळा जिल्हा झाला. लोकांनी पेढे वाटले, मोटारी फिरल्या, पण खरं काम पडलं ते माझ्या भावाला. जेवढ्या भिंतींवर उस्मानाबाद लिहिलं व्हतं तेवढं खोडून लातूर लिहायचं निघालं. सायकलच्या दोन्ही अंगाला रंगाचे डबे, मागं बांबूची शिडी आडवी बांधलेली, असा तो गावोगाव फिरायला लागला. अप्पांना म्हणला, "सरकारनं जिल्हा कागदावर केलाय अप्पा, भिंतीवर मी करून राहिलो." अप्पा हसले न्हाईत, पण दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला तेच सांगताना मी आतून ऐकलं.

ती सालं दुष्काळाची. पाऊस आला तर धूळ दबंल एवढाच, मंग परत ऊन. विहिरी अशा आटल्या की वरून बघितलं तर तळाचे दगड मोजता यावेत. तम्मा गावातून आला की सांगायचा, सरपंच चहा देतो म्हणतात, मंग म्हणतात बसा, टँकर येऊ द्या. एका गावात म्हणे त्यानं जिल्हा लातूर एवढं लिहिलं आन् सरपंच म्हणला त्याच्याखाली 'येथे पाणी मिळेल' असं लिही, खोटं का असंना, वाचून बरं वाटंल.

त्याच उन्हाळ्यात मी बाळंतपणाला माहेरी आले. पहिलीच खेप, मी भित्री, पोटात जरा काही हाललं तरी अव्वाला हाक मारायची. बाळंतिणीला ऊन पाण्याची अंघोळ पाहिजे, आन् गावात पाणी न्हाई. तम्मा सकाळी सायकलला घागरी बांधून लांबच्या मळ्यात जायचा, तिथल्या मालकाच्या गोठ्याचं दार फुकट रंगवून दिलं व्हतं, म्हून तेवढं पाणी मिळायचं. लेक झाली ती डोकं भरून केस घेऊन. काळेभोर, मऊ, कपाळावर आलेले. तम्मा पाळण्यात वाकून बघत म्हणला, "आक्का, हिनं तर येताना ब्रश भरूनच आणलाय. खारीच्या केसाचा ब्रश घ्यायला मला हैदराबादला सांगावं लागतं. जावळ काढलं की मला दे." अव्वा म्हणली, गप बस, जावळ गंगेत सोडतात, आन् तुला काय द्यायचंय, तुझ्या तर मांडीवरच काढायचंय.

आमच्यात ही रीतच हाय. लेकराचे पहिले केस काढायचे ते मामाच्या मांडीवर बसवून. पहिली बट मामानं कापायची, मंग न्हाव्यानं हात लावायचा. मामा नसंल तर चुलत, मावस बघतात, पण सख्खा मामा असताना दुसऱ्याच्या मांडीवर बसवलं तर लेकराला उणं वाटतं, आईलाबी. तम्मा त्या दिवसापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, मी आता साधा माणूस न्हाई, मांडी राखून ठेवलेला माणूस हाय.

पाळण्याची दोरी तो पायाच्या अंगठ्यात अडकवायचा, सोता चटईवर उताणा पडायचा, तोंडानं कसलं तरी गाणं, आन् पायानं झोका. मी बाजेवर पडून बघायची. तसंच एकदा बघताना मला त्याच्या टाचेला काळा डाग दिसला, चिंचोक्याएवढा. मी इचारलं हे काय. म्हणला, रंग हाय, दुसरं काय असणार. शिडीवर चपल सरकती म्हून तो अनवाणीच चढायचा, पायावर कायम थेंब असायचे, लाल, निळे, काळे. अव्वानं चिंधी रॉकेलमधी बुडवून घासलं. बाकीचे थेंब गेले, हा गेला न्हाई. जुना असंल म्हणली, आत बसलाय.

मंग टाच दुखायला लागली. शिडीच्या कांबीवर पाय ठेवला की कळ यायची. कुणी म्हणलं कुरूप झालंय. आमची एक म्हातारी आत्या, तिनं बिब्बा तापवून त्याचं तेल टाचेला लावलं. आमच्याकडं काटा मोडला, कुरूप झालं की बिब्बाच लावतात, आन् बिब्ब्याचा डाग काळाच पडतो. म्हंजे काळ्यावर काळं झालं. आता रंग कोणता, बिब्बा कोणता आन् आजार कोणता हे कोण सांगणार. त्यात आत्याचं काय चुकलं, मी आजबी म्हणत न्हाई. तिनं मायेनं लावलं, दोन्ही हातानं पाय धरून लावलं.

मी लेकीला घेऊन नांदेडजवळ मुदखेडला, सासरी आले, तवा ती मान धरायला लागली व्हती. माझा नवरा स्टेशनात पॉइंटमन, रुळाचे सांधे बदलणारा, आमाला रेल्वेचं क्वार्टर, सासू आमच्याजवळ. तिकडं तम्माची टाच फुटली, रगत यायला लागलं, पाणी यायला लागलं. जांघेत अवधान आलं, गाठ धरली. अव्वा म्हणली पायाला जखम असली की अवधान येतंच, जखम बसली की बसंल. ते बसलं न्हाई, उलट लिंबाएवढं झालं. तवा माझ्या नवऱ्यानं सांगावा धाडला की पोराला हिकडं पाठवा, नांदेडला मोठा दवाखाना हाय.

आला तो यष्टीतून उतरून लंगडत. हातात पिशवी, पिशवीत ब्रश. मी म्हणले दवाखान्यात ब्रश कशाला. म्हणला, दवाखान्यालाबी बोर्ड असतेत.

टाचेचा तुकडा काढून तपासायला पाठवला. कागद आला त्या दिवशी नवरा ड्यूटीवरून सरळ घरी आला न्हाई, मला पलाटावर बोलावून घेतलं, घरात सासू आन् तम्मा व्हते म्हून. पाण्याच्या टाकीखाली उभं राहून सांगितलं की चामडीचा कॅन्सर हाय, टाचेतून जांघेत गेलाय. मी सातवीपर्यंत शिकलेली. मला वाटायचं कॅन्सर म्हंजे तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडाला व्हतो. माझ्या भावानं आयुष्यात तंबाखू खाल्ली न्हाई, पान खाल्लं न्हाई, आन् चामडीला, टाचेच्या चामडीला, हे कसं म्हून मी त्यांना परत परत इचारत राहिले आन् ते रुळाकडं बघत राहिले. डॉक्टर म्हणले ऑपरेशन करू, पण वेळ लई गेलाय.

सगळ्यांनी मिळून ठरवलं की त्याला सांगायचं न्हाई. अव्वा-अप्पा आले तेबी तेच म्हणले. त्याला सांगितलं, हाडाला गाठ हाय, काढली की झालं. मी त्याच्याबरोबर दवाखान्यात जायची, लेक कडेवर. एकदा आमी बाकड्यावर बसलो व्हतो, नंबर यायचा व्हता. त्यानं मान वर केली.

"आक्का, तो बोर्ड बघ."

मी बघितला. कर्करोग विभाग लिहिलं व्हतं. मी लगेच खाली लेकीकडं बघितलं, तिचं झबलं नीट करायला लागले.

"रफार बघ कसा काढलाय. उडून चाललाय जसा काय. पेंटर नवशिका असंल."

मी झबल्याची नाडी सोडून परत बांधली.

"तुमी समदे मिळून मला हाडाची गाठ सांगून राहिले, आन् बसवता बोर्डाखालीच. मी बोर्डवाला हाय ना गं."

तो हसला, म्हून मीबी हसले, आन् हसता हसता पदर तोंडात कोंबला. बाजूची बाई सरकून बसली. मंग लेकीच्या डोक्यावर हात फिरवत म्हणला, "हिचं जावळ कधी काढता?" मी म्हणले वर्षाच्या आत काढायचं, रीत हाय. म्हणला, "मंग तेवढं मला धरायचंय. बाकी मी कुणाला काही मागत न्हाई."

तवापासून माझ्या डोक्यात एवढंच राहिलं. लेकीला दात आला तरी मला आनंद व्हायचा न्हाई, वाटायचं दिवस चालले. ती रांगायला लागली, वाटायचं चालले.

ऑपरेशन झालं. टाचेचं मास काढलं, जांघेतली गाठ काढली. त्याला कुबडी आली. उदगीरला जाण्यापेक्षा इथंच राहू दे, पट्टी बदलायला नांदेड जवळ, म्हून तो आमच्याच क्वार्टरात राहिला. ते दिवस आजारपणाचे व्हते, पण खरं सांगू का, मला आता ते आठवले की आधी आजार आठवत न्हाई. आधी आठवतं ते इंजिनाचं ऊन पाणी. त्या दुष्काळात कॉलनीच्या नळाला करंगळीएवढी धार यायची. पण कोळशाची इंजिनं पाणी भरायला थांबायची, तिथं ड्रायव्हर ओळखीचा असला की इंजिनाच्या नळीतून बादलीत वाफाळतं पाणी सोडायचा. आमी बायका बादल्या घेऊन उभ्या. किनवटकडची गाडी आली की तम्मा दारातून ओरडायचा, आक्का, तुझा बंब आला. त्या पाण्याला कोळशाचा, तेलाचा वास यायचा. लेकीची अंघोळ त्याच पाण्यानं व्हायची, म्हून तो तिला म्हणायचा, ही आमची रेल्वेची पोरगी, धुराच्या वासाची.

दारापुढच्या लिंबाखाली तो बसायचा, पाय दुसऱ्या स्टुलावर. कॉलनीतल्या बायका पत्र्याच्या पेट्या आणायच्या, त्यांच्यावर कुणाला मोर पाहिजे, कुणाला कमळ. माझ्या पेटीवर त्यानं पोपट काढला. पोपटाची चोच एवढी लाल की सासू म्हणली, पान खाऊन आलाय का काय. माझी सासू बोलायला तिखट. त्याला म्हणायची, पाव्हणे, आमचं क्वार्टर सरकारी हाय, भिंतीवर काही काढू नका, न्हाईतर इथंबी जिल्हा लातूर करून ठेवाल. तो म्हणायचा, "करतो की मामी, नांदेडला कुठं इचारायचंय."

हे चालू असतानाच शेजारणीनं एक दिवस पट्टी बदलताना पाय बघितला. दुसऱ्या दिवसापासून तिची पोरं आमच्याकडं यायची बंद. कॉलनीत कुणी तरी म्हणलं, चामडीचा रोग म्हंजे महारोगच, नाव काही बी सांगत असतेत. सासूनं त्याची ताटली येगळी काढली. जर्मनची, कडेला चेपलेली, ती खिडकीच्या फळीवर येगळी ठेवायची, येगळी घासायची. त्याला दिसत व्हतं, तो सोताच उठून ती ताटली घेऊन बसायचा.

आन् मलाबी भ्या वाटत व्हतं. डॉक्टरांनी नवऱ्याला सांगितलं व्हतं लागत न्हाई म्हून, नवऱ्यानं मला सांगितलं व्हतं, मी मान हलवली व्हती, पण मान हलवून भ्या जात न्हाई. लेकीची अंघोळ झाली की मी तिला उजेडात धरून सगळं अंग बघायची. टाचा, बोटांच्या बेचक्या, कानामागं. तिच्या खांद्यावर जन्माचा एक तीळ हाय, तो मी ओल्या अंगठ्यानं घासून बघायची, रोज, जातो का बघायला, आन् जात न्हाई म्हून परत घासायची, जन्माचाच हाय हे माहीत असून. गालाला काजळाची तीट लावायची मी बंद केली. काळा ठिपका म्हणलं की माझा हात थांबायचा.

तम्माच्या ध्यानात आलं. म्हणला, तीट काहून लावत न्हाईस, नजर लागंल की. मी म्हणले काजळ संपलं. त्यानं दुसऱ्यांदा इचारलं न्हाई.

एक दिवस लेक रांगत रांगत त्याच्याकडं गेली. स्टूल धरून उभी राहिली आन् दोन्ही हात त्याच्या पट्टीवर ठेवले. सासू लिंबाखालीच तांदूळ निवडत व्हती. ती उठली, लेकीला उचललं, सरळ मोरीवर नेऊन तिचे हात साबणानं धुतले. तम्मानं पाय स्टुलावरून खाली घेतला आन् धोतराचा तुकडा त्याच्यावर टाकला. तवापासून लेक जवळ आली की तो कुबडी आडवी धरायचा, खेळ केल्यासारखा, पण तिला जवळ येऊ द्यायचा न्हाई. ती कुबडीला धरून ओरडायची, मामाकडं जायचं म्हून.

तोवर त्याच्या मांडीवर नवीन गाठी आल्या व्हत्या, हरभऱ्यासारख्या. खोकला आला. मुंबईलाबी नेऊन आणलं, तिथं तेच सांगितलं जे इथं सांगितलं व्हतं. परत आल्यावर वळकटी सोडायच्या आतच त्यानं मला बाजूला बोलावलं.

"आक्का, चुलतभावाला बोलावून घे. जावळ त्याच्या मांडीवर काढ."

मी म्हणले, काहून.

"माझी मांडी आता चांगली न्हाई राहिली गं. मामींना फिकीर वाटती. तुलाबी वाटती."

मला रागच आला, कुणाचा आला कळंना. त्याचा न्हाई, सासूचाबी न्हाई. मी आत गेले, सासू चुलीपुढं व्हती. मी आजवर तिच्यापुढं मान वर करून बोलले न्हव्हते. मी म्हणले, "आत्याबाई, उद्या पट्टीला तुमी चला माझ्यासंग. तुमीच डॉक्टरला इचारा. ते हो म्हणले की लागतं, तर मी चुलतभावाला पत्र टाकते. न्हाई म्हणले तर जावळ तम्माच्या मांडीवर." बोलताना मला दम लागला, जशी काय पळत आले. सासूनं भाकरी तव्यावर पलटली, आन् म्हणली गाडी किती वाजता असती.

दुसऱ्या दिवशी आमी गेलो. सासू लुगड्याचा पदर डोक्यावरून घट्ट घेऊन डॉक्टरपुढं उभी राहिली. डॉक्टर तरुण, घाईत. सासूनं इचारलं, माझी नात या पोराच्या मांडीवर बसली तर तिला लागंल का. डॉक्टरनं हातातला कागद खाली ठेवला. म्हणले, "आजी, हा याच्याच कातडीतून उठलेला आजार हाय. एकाचा दुसऱ्याला व्हत न्हाई. तुमी याच्या ताटात जेवला तरी व्हत न्हाई. पट्टी कोरडी असू द्या, लेकरू खुशाल बसवा." आन् मंग तम्माकडं न बघता म्हणले, बसवायचं असंल तर लवकर बसवा.

हे मलाबी ऐकायचं व्हतं. नवऱ्याच्या तोंडून न्हाई, डॉक्टरच्या तोंडून, माझ्या कानानं.

येताना गाडीत गर्दी व्हती. तम्माला खिडकीला जागा मिळाली, त्याची कुबडी ठेवायला जागा न्हव्हती. सासूनं ती घेतली आन् मुदखेड येईपर्यंत सोताच्या मांडीवर आडवी धरून बसली. रात्रीचं जेवण वाढताना मी फळीवर हात घातला तर चेपलेली ताटली तिथं न्हव्हती. ती बाकीच्या ताटल्यांच्या चवडीत व्हती, मधीच कुठं तरी, शोधावी लागली. सासू चुलीकडं तोंड करूनच म्हणली, न्हाव्याला सोमवारचं सांगून ठेवलंय, महादेवाचा वार हाय.

सोमवारी सकाळीच माझा नवरा लाईनीवर जाऊन थांबला. किनवटकडच्या गाडीच्या ड्रायव्हरनं एक न्हाई, दोन बादल्या भरून दिल्या, आन् शिट्टीबी वाजवली, जावळाची म्हून. अव्वा-अप्पा आले व्हते, अव्वानं नवीन झबलं आणलं व्हतं मामाच्या नावानं. लिंबाखाली पाट मांडला. तम्माला पाटावर बसता येईना, पाय दुमडंना, मंग त्याला खुर्चीत बसवलं, खाली उशी दिली, मांडीवर नवीन टॉवेल. सासूनंच लेकीला उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं. मी काही केलं न्हाई, मी नुसती उभी, हात कुठं ठेवावेत कळंना.

वाटलं लेक रडंल. सगळीच लेकरं रडतात. ती रडली न्हाई, तिला किती दिवसांनी मामा मिळाला व्हता. त्याच्या शर्टाची गुंडी तोंडात घालून बसली. त्यानं कात्री धरली, दुसऱ्या हातानं तिचं कपाळ झाकलं. पहिली बट कापली, ती हातावर घेऊन बघितली, बोटात फिरवली. म्हणला, एक नंबर ब्रश झाला असता मामी. सासू म्हणली, "गंगेचा माल हाय पाव्हणे, गुमान हिकडं द्या." जावळाला आलेली माझी नणंद, लेकीची आत्या, पसा करून उभी व्हती, तिनं केस झेलले. न्हाव्यानं वस्तरा चालवला.

लेकीचं झालं तसा तम्मा न्हाव्याला म्हणला, "काका, आता मीबी बसलोच हाय, माझंबी उरकून टाका. मामा-भाची एका मापाचे दिसू द्या." अप्पा म्हणले अरे हे कसलं. पण न्हावी हसला, त्यानं वस्तरा परत पाण्यात बुडवला. दोघं चकाचक डोक्यांनी लिंबाखाली बसले, एकमेकांच्या डोक्यावर हात फिरवत. कॉलनीतल्या बायका दारादारातून बघत व्हत्या. ती शेजारीण, तिची दोन पोरं तिच्या मागून निसटली आन् टक्कल बघायला पळत आली. तिनं हाक मारली न्हाई.

इंजिनाच्या पाण्यानं लेकीला न्हाऊ घातलं, झबलं घातलं. तम्मा म्हणला, काजळ आण. मी आणलं. संपलं न्हव्हतंच कधी, त्यालाबी ते माहीत व्हतं. त्यानं करंगळीवर काजळ घेतलं आन् तिच्या कपाळाच्या कडेला तीट लावली, अशी गोल, नीट, कडा न फुटता, जशी ल ची गाठ. मंग माझ्याकडं बघितलं. मी ती तीट पुसली न्हाई. संध्याकाळपर्यंत ती तशीच राहिली, आन् दुसऱ्या दिवशीपासून मी सोताच लावायला लागले.

जावळ गंगेत, म्हंजे गोदावरीत, सोडायला नांदेडला गेलो तर गंगेत नुसती डबकी. सगळ्यात खोल डबकं शोधून नवऱ्यानं केस सोडले, ते पाण्यावर तसेच गोल फिरत राहिले, कुठं जायला धार न्हव्हती. तम्मा घाटाच्या पायरीवर बसून म्हणला, राहू द्या, पुढच्या पावसात जातील.

पाऊस त्या साली आला, पण तो न्हाई बघू शकला. त्याआधीच जीपनं त्याला उदगीरला नेलं, दुकानामागच्या खोलीत, जिथं त्यानं पायानं पाळणा हलवला व्हता. श्वास पुरंना झाला व्हता, पण गप बसायचा न्हाई, तुकड्या तुकड्यात बोलायचा. मला म्हणला, तुझ्या पेटीवरच्या पोपटाचा एक पाय राहिलाय काढायचा. मी म्हणले राहू दे, लंगडाच बरा दिसतो. तो हसला आन् लई खोकला. त्यानंतर लवकरच तो गेला. आमच्यात जाळत न्हाईत, बसवून पुरतात. आमच्याच रानात त्याला बसवला, भस्म लावून. दुष्काळानं जमीन अशी दगड झाली व्हती की खणणाऱ्यांना सकाळपासून दुपार झाली.

पेटी अजून माझ्याकडं हाय, पोपट एका पायाचाच. लेक आता शाळेत जाती. यष्टीत बोर्ड वाचती, तिला मी सांगितलंय कोणता मामाचा ते, पण ती न सांगताबी बरोबर दाखवती.

केस तिचे असे दाट आलेत की फणी अडकती. परवा ती शेजारीणच आमच्या दारात बसून तिची वेणी घालत व्हती. म्हणली, काय लावता हो पोरीच्या डोक्याला, एवढे केस. मी बोलायच्या आत सासू बोलली, सुपातल्या तांदळातून नजर न काढता.

"काय लावायचं? सख्ख्या मामाच्या मांडीवर जावळ काढलंय तिचं."

आन् एक खडा उचलून बाजूला टाकला.